बावीस टाके

ओइवा झोपला की मी विणायला घेते.
सवय जुनी आहे; मोजायला लागले ती गेल्या हिवाळ्यात.
त्याचा श्वास थांबतो,
माझ्या सुया थांबत नाहीत.
चौदा टाके. अठरा.
एकदा बावीस झाले,
मोज्याची टाच वळवायची होती, ती राहूनच गेली.
मग तो पाण्याखालून आल्यासारखा वर येतो,
हवेचे पाच-सहा मोठे घोट,
मग लहान, आणखी लहान,
आणि पुन्हा काहीच नाही.

घोरत नाही तो. तेच तर वाईट.
घोरणाऱ्याच्या बायकोला झोप नसेल,
पण तो आहे एवढं तरी तिला ऐकू येतं.

कायानीच्या इस्पितळात डोक्याला तारा चिकटवून
एक रात्र निजवलं त्याला.
सकाळी साइमी नर्सनं लांबच लांब कागद उलगडला:
इथे टेकड्या, इथे सपाट, इथे पुन्हा टेकड्या.
"घसा उघडाच आहे यांचा," ती म्हणाली,
"दाराला कडी नाही. आतूनच कुणी हाक मारत नाही."
ओइवा हसला.
सदतीस हिवाळे त्यानं तळ्याला भोकं पाडून
बर्फाची जाडी मोजली,
ट्रक जाऊ द्यायचा की नाही ते ठरवलं.
"म्हणजे बर्फ पक्का आहे," म्हणाला,
"ड्रायव्हरच झोपलाय."

यंत्र आलं. दाब आठ.
मग दहा. मग बारा.
मला वाटलं, जास्त वारा म्हणजे जास्त श्वास,
चुलीचं तरी तसंच असतं.
बारावर माझे टाके सव्वीसवर गेले.

साइमीनं यंत्रातलं कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"हवेनं फार धुतलंय यांना.
रक्तात थोडा कार्बन डायऑक्साइड उरावा लागतो,
त्याच्यावाचून मेंदूला श्वासाची आठवण होत नाही."
मला आमच्या सौनाची झडप आठवली:
लवकर लावली तर जीव जातो,
उशिरा लावली तर ऊब जाते.
मधली वेळ आई हात लावून ओळखायची,
मला अजून दरवेळी वास घेऊन पाहावं लागतं.

आता दुसरं यंत्र आहे. दाब सहावर आणलाय.
ते आधी त्याला ऐकतं.
श्वास आला तर गप्प राहतं,
नाही आला तर थोडं थांबून
स्वतःच एक ढकलून देतं.
मी करायचे तेच, फक्त कोपरानं नाही.

बाकी कटकटी आहेतच.
मिशीपाशी मास्क शिट्टी वाजवतो,
आणि मिशी काढायला तो तयार नाही.
खोली गार, म्हणून नळीत पाणी साचतं,
पहाटे कानाशी ओढा गुळगुळतो.
शेवटी मी तो अर्धा मोजा उसवला
आणि नळीला करड्या लोकरीचा अंगरखा विणला,
दोन मीटर लांब. टाच नाही, सोपं काम.
आता पाणी साचत नाही.
त्याला वाटतं आपल्या उशाशी साप निजलाय,
कधीकधी थोपटतो त्याला.

फेब्रुवारीत वादळानं तारा तोडल्या.
यंत्राचा हिरवा डोळा मिटला.
मी मास्क काढला, तो जागा झाला नाही.
अंधारात सुया सापडेनात,
म्हणून बोटांवरच टाके घातले, नुसते हवेत.
आठ. अकरा. तेरा.
पंधराव्याला माझा गार हात त्याच्या छातीवर ठेवला.
त्यानं दचकून श्वास घेतला.
"काय झालं?"
"काही नाही. ट्रक जाऊ दे."
"जाऊ दे," म्हणाला, आणि वळून झोपला.
रात्रभर असंच. मध्येच माझा हात गरम व्हायचा,
मग खिडकीच्या काचेला लावून आणायचा.

सोमवारी साइमीला फोन करून सांगितलं:
पहाटेपर्यंत वीज नव्हती,
पंधराच्या वर एकदाही जाऊ दिलं नाही.
"सेकंद?" तिनं विचारलं.
म्हटलं, टाके. लिहून घे.